भिंतीवरचे चित्र आणि पानातला भात

जेथे माणसे जेवतात तेथे चित्र टांगू नये, असा नियम सौंदर्यशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात लिहिलेला नाही. तरीही आपल्या समीक्षाव्यवहारात तो इतक्या निष्ठेने पाळला जातो की त्याचा भंग झालेला दिसताच भल्याभल्यांच्या कपाळाला आठी पडते. फिलिपिन्समधील आंगोनो या गावी एक उपाहारगृह आहे आणि तेच तेथील एक कलादालनही आहे, असे आम्ही विभागातल्या चहाच्या वेळी सांगू लागलो, तेव्हा एका ज्येष्ठ स्नेह्यांनी पहिल्याच वाक्याला आम्हांला अडवले. "म्हणजे घास चावता चावता बघायची चित्रं," ते म्हणाले आणि विषय संपल्यासारखे हसले. दुसऱ्या एका सहकाऱ्यांनी तेच अधिक सौम्य शब्दांत सांगितले: जेथे शेवटी बिल येते तेथे चित्राची सजावट होते, आणि सजावटीला कला म्हणण्याची घाई करू नये. हे दोन्ही अभिप्राय आम्हांला चुकीचे वाटतात. साहित्य शिकवणाऱ्यांच्या तोंडी तर ते विशेषच शोभत नाहीत. ते का, हे जरा विस्ताराने मांडावे म्हणून हा खटाटोप.

प्रथम आंगोनोविषयी. मनिलापासून सुमारे ३० किलोमीटरवर, लागुना दे बाय या विस्तीर्ण तळ्याच्या उत्तर काठाला हे गाव आहे. ज्या प्रांतात ते येते त्याला होसे रिझालचे नाव दिलेले आहे. कादंबरीकाराच्या नावाने प्रांत ओळखला जावा, ही गोष्ट मराठीच्या प्राध्यापकांना हेवा वाटावा अशीच आहे. या एका गावाने देशाला दोन 'राष्ट्रीय कलावंत' दिले. भित्तिचित्रकार कार्लोस 'बोतोंग' फ्रान्सिस्को (१९१२–१९६९) यांना तो सन्मान मरणोत्तर, १९७३ साली मिळाला. संगीतकार लुसियो सान पेद्रो (१९१३–२००२) यांना १९९१ साली. सान पेद्रोंचे पाळण्याचे गाणे फिलिपिनो घराघरांत गायले जाते. बोतोंगने मनिलाच्या नगरभवनासाठी देशाच्या संघर्षाचा इतिहास सांगणारी जी प्रचंड चित्रमालिका रंगवली, ती आता राष्ट्रीय संग्रहालयात हलवण्यात आली आहे. याच बोतोंगला १९६५ साली गावाजवळच्या डोंगरात एका कातळाच्या आडोशाला माणसांच्या आणि प्राण्यांच्या कोरलेल्या आकृती दिसल्या. तज्ज्ञांनी मोजल्या तेव्हा त्या १२७ भरल्या. फिलिपिन्समधील ज्ञात कोरीवचित्रांत त्या सर्वांत प्राचीन मानल्या जातात. म्हणजे या गावात भिंतीवर काहीतरी काढण्याची सवय कलादालन ही कल्पना जन्मण्याच्या कित्येक सहस्रके आधीची आहे. ज्या आडोशाला ती चित्रे कोरली गेली, तेथे कोणी कधी काही शिजवले नसेल, असे मानण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

या गावात चित्रकार पेर्दिगोन व्होकालान यांनी १९८०च्या दशकात 'बलाव-बलाव' हे उपाहारगृह उभे केले. व्होकालान आता हयात नाहीत. त्यांच्या कुटुंबाने ते चालवले. आमच्यापैकी तिघे एका परिषदेच्या निमित्ताने मनिलाला गेलो असता तेथे दुपारी जेवलो. आत शिरताच पहिल्यांदा नजरेत भरतात ती लाकडात कोरलेली शिल्पे, मुखवटे आणि कागदाच्या लगद्याच्या राक्षसी आकाराच्या बाहुल्या. मग चित्रे. मग टेबले. हा क्रम आम्ही मुद्दाम नोंदवतो आहोत, कारण 'सजावट' म्हणणाऱ्यांच्या मनात नेमका उलटा क्रम असतो. सजावटीचे चित्र जागेच्या सोयीने लागते: सोफ्याच्या रंगाला जुळणारे, कोणाला न खुपणारे, विसरून जाण्याजोगे. येथली चित्रे टेबलांच्या सोयीने लावलेली नाहीत, टेबलेच चित्रांमधून वाट काढत बसवलेली आहेत. जेवणाऱ्याला कोठेही बसले तरी कोणीतरी पाहत असल्यासारखे वाटते. आमच्यापैकी एकाला तर समोरच्या मुखवट्यामुळे जागा बदलावी लागली. सजावट इतका त्रास देत नाही.

त्या राक्षसी बाहुल्यांविषयी थोडे अधिक लिहायला हवे. त्यांना 'हिगान्तेस' म्हणतात. दरवर्षी २३ नोव्हेंबरला कोळ्यांचा रक्षणकर्ता मानला जाणारा संत सान क्लेमेन्ते याचा उत्सव आंगोनोत होतो, तळ्यावर नावांची मिरवणूक निघते, आणि त्या सुमारास रस्त्यांतून या दहा-बारा फूट उंचीच्या बाहुल्या नाचवल्या जातात. गावात त्यांची कथा अशी सांगितली जाते: स्पॅनिश अमदानीत आंगोनो ही एका जमीनदाराची जहागीर होती. कुळे सणावारी वेळ आणि पैसा उधळतात म्हणून मालकांनी सगळे उत्सव बंद केले आणि एकच ठेवला. कुळांनी तो एक उत्सव असा साजरा केला की मालकांचीच भलीमोठी सोंगे काढली, कमरेवर हात ठेवून हुकूम सोडणारी, ऐटीत मान ताठ केलेली. मालकाला राग येऊ नये इतपत गंमत आणि कुळाला समाधान वाटावे इतपत सूड. या कथेतला इतिहास किती आणि लोकांची कल्पना किती, हे आम्हांला ठरवायचे नाही. गावाने स्वतःविषयी ही कथा निवडली, एवढे आम्हांला पुरेसे आहे. पुढे १९८७ साली गावातल्या प्रत्येक वस्तीने आपापल्या दोन बाहुल्या काढाव्यात अशी कल्पना पुढे आली आणि त्या उत्सवाला आजचे मोठे रूप मिळाले. ती कल्पना मांडणारे गृहस्थ म्हणजे हेच व्होकालान, उपाहारगृहाचे मालक. आता आमच्या स्नेह्यांना आमचा प्रश्न असा की, जी वस्तू रस्त्यावर नाचते, घामाने भिजते, पावसात सापडली तर विरघळते आणि एरवी जेवणघराच्या कोपऱ्यात उभी असते, तिला तुम्ही कोणत्या दालनात नेऊन ठेवणार? पांढऱ्या भिंतीसमोर प्रकाशझोतात उभा केलेला 'हिगान्ते' म्हणजे दात काढलेला जमीनदार. त्याला पाहून कोणीही हसणार नाही.

असो. जेवणाकडे वळू.

उपाहारगृहाला ज्याचे नाव दिले आहे तो 'बलाव-बलाव' हा पदार्थ दिसायला साधा आहे. शिजवलेला भात गार करायचा, त्यात मीठ लावलेली बारीक कोळंबी, आपल्या कोकणात जिला करंदी म्हणतील तशी, मिसळायची आणि भांडे झाकून काही दिवस आंबू द्यायचे. भात विरघळत जातो, आंबट होतो, कोळंबीची कवचे मऊ पडतात. एका विशिष्ट बुरशीने लाल झालेला तांदूळ, 'आंगकाक', त्यात घालतात. त्याने गुलाबी-तांबूस रंग येतो. मग लसूण, कांदा आणि टोमॅटो तेलात परतून त्यावर हे मिश्रण परतायचे आणि भाजलेल्या मासळीबरोबर किंवा उकडलेल्या भाजीबरोबर तोंडी लावायचे. वास उग्र असतो. पहिल्या घासाला आमच्यापैकी दोघे गप्प झाले. तिसऱ्याला, जो रायगड जिल्ह्यातला आहे, सुकटीच्या चटणीची आठवण झाली आणि त्याने पुन्हा वाढून घेतले. या पदार्थाला चार घटक लागतात आणि पाचवा घटक वेळ. तो कोणाला घाईने करता येत नाही आणि कोणाच्या एकट्याच्या प्रतिभेने होत नाही; तळे, मीठ, हवा, बुरशी आणि आजीचा अंदाज यांच्या संमतीने तो होतो. कलाकृतीच्या 'सेंद्रिय एकते'वर वर्गात पाऊण तास बोलणाऱ्या आम्हांला तिचे इतके ठसठशीत उदाहरण कधी सापडले नव्हते.

केळीच्या पानावर, बांबूच्या सुपासारख्या पसरट परडीत, भात आणि त्यावर खेकडे-कोळंबी मांडलेला 'मिनालुतो' आला. हाताने जेवायचे. फिलिपिनो भाषेत हाताने जेवण्याला 'कामायान' म्हणतात. अमेरिकी राजवटीच्या शाळांनी काटा-चमचा आणि स्वच्छतेचे धडे एकत्रच शिकवले, त्यामुळे एका पिढीला हाताने जेवण्याची लाज वाटू लागली, आणि पुढच्या पिढीने तेच उपाहारगृहांत पैसे मोजून परत मिळवले. ही वक्रोक्ती आपल्याकडे समजावून सांगायला नको.

फिलिपिनो खाद्यसंस्कृतीच्या श्रेष्ठ अभ्यासक डोरीन फर्नांडेझ (१९३४–२००२) या साहित्याच्या आणि नाटकाच्या प्राध्यापक होत्या. 'साराप' हे एदिल्बेर्तो आलेग्रेंसह लिहिलेले पुस्तक १९८८चे, 'तिकिम' १९९४चे. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. फिलिपिनो जेवणात पानाच्या कडेला 'सावसावान' असते: शिरका, मिरची, लसूण, मासळीचा खारा रस, लिंबू यांचे ज्याचे त्याने जुळवलेले बुडवण. स्वयंपाक्याने चव शेवटपर्यंत नेऊन बंद केलेली नसते. जेवणारा ती पुरी करतो. फ्रेंच आचारी मीठ मागणाऱ्या गिऱ्हाइकाने दुखावतो, फिलिपिनो आचारी दुखावत नाही. वाचककेंद्री समीक्षेचे जर्मन आणि अमेरिकी आचार्य आम्ही एम.ए.च्या वर्गाला शिकवतो, त्यांची नावे विद्यार्थी धडाधड लिहितात. संहितेतल्या रिकाम्या जागा वाचक भरतो हे त्यांना पाठ असते, पण आपल्या पानातल्या मिठाची आणि लिंबाच्या फोडीची जागा कोणी कशासाठी रिकामी ठेवली, हे विचारावेसे वाटत नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही.

आता एका निराळ्या गटाशी आम्हांला भांडायचे आहे. आमचे स्नेही चित्रांना जेवणापासून वाचवू पाहतात. हा दुसरा गट जेवणाकडे बघताना चित्रे पार विसरतो. आंगोनोविषयी जे प्रवासलेखन आणि दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम आढळतात, त्यांत माडाच्या सडक्या खोडात सापडणाऱ्या 'उओक' नावाच्या अळीला जितकी जागा मिळते तितकी बोतोंगलाही मिळत नाही. पाहुणा अळी तोंडाजवळ नेतो, कॅमेरा जवळ येतो, डोळे विस्फारतात, मागे ढोल वाजतो. या दृश्याला एक वंशावळ आहे. १८९८ साली अमेरिकेने फिलिपिन्सचा ताबा घेतला आणि १९०४ साली सेंट लुई येथल्या जागतिक प्रदर्शनात हजाराहून अधिक फिलिपिनो माणसे आणून वस्त्या वसवून दाखवली. त्यांतल्या इगोरोत जमातीच्या कुत्र्याचे मांस खाण्याचा एवढा गाजावाजा झाला की तिकीट काढून लोक ते बघायला येत. हे लोक काय खातात ते पाहा, आणि मग यांच्यावर राज्य करणे हे आमचे कर्तव्य का आहे ते समजा, असा तो सरळ युक्तिवाद होता. आजच्या अळीच्या कार्यक्रमात राज्य करण्याची भाषा नाही. बघण्याची रीत मात्र तीच आहे. आणि आम्हां मराठी प्रेक्षकांना ती रीत ओळखीची वाटायला हवी, कारण आपल्याच राज्यातल्या काही समाजांच्या ताटाकडे आपण पिढ्यान्‌पिढ्या तशाच नजरेने पाहत आलो आहोत.

कोणी म्हणेल, उपाहारगृहवालेही या कुतूहलावर चार पैसे मिळवतातच की. मिळवतात. जमीनदाराचे सोंग काढणाऱ्या गावाला पाहुण्याच्या भीतीचा उपयोग करून घेता येत नसेल, असे समजणे भाबडेपणाचे होईल. पण अळीच्या बशीमागे ज्या भिंती आहेत त्यांकडे नजर टाकली असती, तर हे आदिम रानवट लोकांचे जेवण असल्याचा आव कार्यक्रमवाल्यांना आणता आला नसता. चित्रे तेथे एवढे काम करतात. ती जेवणाऱ्याला सांगतात की, तू ज्यांचे अन्न खातो आहेस त्यांनी स्वतःला पाहिलेले आहे, रंगवलेले आहे. तुझ्या कॅमेऱ्याची त्यांना वाट नव्हती. ही कामगिरी कोऱ्या भिंतीच्या दालनात त्या चित्रांना करताच आली नसती, कारण तेथे अळी नसते.

अन्न आणि चित्र यांना एका खोलीत बसवण्याची ही कल्पना व्होकालानांची नवी, असेही नाही. रिझालची 'नोली मे तांगेरे' ही १८८७ सालची कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना तिची सुरुवात आठवेल. कादंबरी उघडते ती कापितान तियागोच्या घरच्या मेजवानीने. आणि पाहुणे जमत असताना रिझाल आपल्याला त्या घरातल्या भिंती दाखवतो: नरक, शुद्धिस्थान, अंतिम निवाडा, पुण्यवानाचे मरण, पाप्याचे मरण. आंगोनोच्या शेजारच्या आंतिपोलोची देवमाताही तेथे चित्रात आहे. त्या चित्रांखाली ज्या जेवणाची तयारी चालली आहे, त्यात पुढे 'तिनोला' या कोंबडीच्या रश्श्याचे वाटप होते आणि पाद्रे दामासोच्या वाटीत कोंबडीची मान आणि चिवट पंख येतात. चांगले तुकडे तरुण इबार्राच्या वाटीत जातात. पाद्री भोपळ्याच्या फोडी चमच्याने चिरडतो, आणि पुढे सगळी कादंबरी ज्या वैरावर उभी राहते त्याची पहिली ठिणगी येथे दिसते. कोणाच्या वाटीत कोणता तुकडा आला यावर वसाहतीची उतरंड इतक्या कमी शब्दांत दाखवणारे दुसरे दृश्य आम्हांला चटकन आठवत नाही. रिझालला १८९६च्या ३० डिसेंबरला गोळ्या घातल्या गेल्या, त्याला ही कादंबरीही कारण होती. ज्यांना जेवण हा 'हलका' विषय वाटतो त्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणि भिंतीवरची नरकाची चित्रे त्या दिवाणखान्यात सजावट म्हणून होती की धमकी म्हणून, हेही ठरवावे.

आमच्या दुसऱ्या सहकाऱ्यांचा मुद्दा बिलाचा होता, तोही सोडून देता येत नाही. बिल आले की कलेचे पावित्र्य भंगते. मग शहरांतल्या प्रतिष्ठित दालनांत चित्राखाली जे लहानसे लाल टिंब चिकटवलेले असते, ते काय कुंकू असते? प्रदर्शनाच्या उद्घाटनाला बटाटेवडे आणि चहा असतो, जरा वरच्या वर्गात वाईन असते, आणि तेथल्या रसिकांची पाठ बहुतेक वेळ चित्रांकडेच असते. फरक इतकाच की तेथे खाणे फुकट आणि चित्र विकत असते. आंगोनोत खाणे विकत आणि चित्र पाहणे फुकट. गरिबाच्या पोराला, वर्षातून एकदा घरचे कोणी बाहेर जेवायला घेऊन आले असता, यांपैकी कोठे चित्र बघायला मिळेल?

बोतोंगला हा भेद फारसा छळत नसावा. हा 'राष्ट्रीय कलावंत' मानुएल कोन्देच्या 'चेंगीझखान' (१९५०) या चित्रपटासाठी पटकथाही लिहीत होता आणि नेपथ्यही रचत होता. त्याच्या आंगोनोतल्या गल्लीत आज घरांच्या कुंपणभिंतींवर त्याच्याच चित्रांची सिमेंटमध्ये उठावशिल्पे केलेली आहेत. त्यांच्यासमोरून लोक भाजीच्या पिशव्या घेऊन जातात.

आता आमच्या घरच्या मुद्द्याकडे. चवीला तागालोग भाषेत 'लासा' म्हणतात. हा शब्द मलय भाषेच्या वाटेने तेथे पोचला आणि त्याचे मूळ आपला 'रस'. ('गुरो' म्हणजे शिक्षक, 'मुखा' म्हणजे चेहरा, आणि 'दुखा' म्हणजे गरीब, या शेवटच्या अर्थांतराबद्दल तागालोग भाषकांना दाद द्यावी तेवढी थोडी.) 'रस' हा शब्द समुद्र ओलांडून गेला तेव्हा जिभेवरून गेला, हे आम्हांला फार बोलके वाटते. कारण नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची जी व्याख्या येते ती स्वयंपाकघरातून येते: नाना व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगाने जशी चव सिद्ध होते, आणि प्रसन्न मनाने जेवणारे जसे तिचा आस्वाद घेतात, तसे. 'आस्वाद' हा शब्दही तेथलाच. आपण मात्र वर्गात हा भाग 'केवळ दृष्टांत' म्हणून दोन मिनिटांत उरकतो आणि विभाव-अनुभाव-व्यभिचारिभावांच्या यादीकडे वळतो. परीक्षेत यादी विचारतात.

हे असे का झाले? एक उत्तर परंपरेने दिले जाते ते कांटचे. त्याने १७९०च्या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांत भेद केला आणि सुखदाचे उदाहरण म्हणून कानारी बेटांवरचे मद्य घेतले: ते 'मला' आवडते, सर्वांना आवडावे असा दावा मी करू शकत नाही. जीभ खासगी, डोळा सार्वत्रिक. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'ने (१९७४) कांटचा हा विचार मराठीत ज्या काटेकोरपणे आणला त्याबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे. आणि पाटणकरांनी अलौकिकतावादाच्या बरोबरीने लौकिकतावादालाही न्याय्य जागा दिली, हे त्यांचे वाचक जाणतात. पण त्यांचे नाव घेणाऱ्या पुष्कळांनी अर्धाच पाटणकर उचलला. मर्ढेकरांचे लयतत्त्वही असेच अर्धे उचलले गेले.

आम्हांला मात्र शंका येते की आपल्याकडे कांट हे निमित्त आहे. चित्र आणि ताट यांत जे अंतर आपण राखतो, त्याचे खरे मूळ कोनिग्सबर्गमध्ये नसून आपल्या सोवळ्यात आहे. जेवण ही आपल्याकडे कोणासमोर करायची क्रिया नव्हती. पंगतीला कोण बसेल, कोण वाढील, कोणाची सावली पडेल, हे ठरलेले होते. जो समाज परक्याच्या नजरेने अन्न विटाळते असे मानत आला, त्याला 'बघणे' आणि 'खाणे' एका खोलीत आणणारी वास्तू अस्वस्थ करणारच. मग ती अस्वस्थता जात म्हणून सांगता येत नाही, तेव्हा सौंदर्यशास्त्र म्हणून सांगितली जाते. हे विधान कठोर आहे याची आम्हांला जाणीव आहे. ते ज्यांना अन्याय्य वाटेल त्यांनी एवढे सांगावे की शाहू पटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली प्रसिद्ध झाल्यावर किती मराठी विभागांनी त्याची साहित्य म्हणून चर्चा केली. मराठवाड्यातल्या मांग-महार समाजांच्या पाककृतींमधून एक सामाजिक इतिहास लिहिणारे ते पुस्तक 'पाककलेचे' म्हणून बाजूला ठेवणे फार सोपे होते. पाककलेच्या कपाटात ठेवले तरी तेथल्या पुस्तकांशी त्याचे जमले नाही, ही गोष्ट वेगळी.

आंगोनोचे उपाहारगृह आदर्श आहे असे आमचे म्हणणे नाही. दमट हवा आणि स्वयंपाकघराची वाफ कॅनव्हासला मानवत नाही. संग्रहालयाच्या जाणकाराला तेथे जेवण गोड लागणार नाही. शिवाय तळ्याकाठच्या कोळ्याला तेथे किती वेळा बसून जेवता येते, हा प्रश्न आम्हीही मनात घेऊनच उठलो. आणि त्याहून मोठा प्रश्न तळ्याचा आहे. लागुना दे बाय सुमारे ९०० चौरस किलोमीटरचे, देशातले सर्वांत मोठे तळे. १९७०च्या दशकापासून तेथे बड्या भांडवलाचे मत्स्यपालनाचे कुंपणवाडे उभे राहिले, पुढच्या दशकाच्या आरंभी त्यांनी पाण्याचा मोठा हिस्सा गिळला, आणि त्यावरून कोळी आणि वाडेवाले यांच्यात रक्तपात झाला. १९८३ साली नापिंदान येथे पाणी अडवणारी दारे बांधली गेली. उन्हाळ्यात पासिग नदीतून उलटे शिरणारे समुद्राचे खारे पाणी तळे निवळत असे, ती वाट दारांनी अडली, अशी कोळ्यांची तक्रार तेव्हापासून आहे. मनिलाभोवतीच्या कारखान्यांची आणि वस्त्यांची घाण त्यात आहेच. आंगोनोच्या चित्रकारांनी तळे, नाव आणि जाळे पुन्हापुन्हा रंगवले. संग्रहालयात ते चित्र पाहताना तळ्याचे काय झाले हे विचारण्याची गरज पडत नाही, चित्र पुरते. ज्या खोलीत तेच तळे भिंतीवर असते आणि त्याच नावाची कोळंबी वाटीत येते, तेथे ही कोळंबी कोठली, हा प्रश्न वाढणाऱ्याला विचारता येतो. आम्ही विचारला. तो हसला आणि म्हणाला, काही तळ्याची, काही बाजाराची.

परत आल्यावर आम्ही एक साधी सूचना मांडली. भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेत नाट्यशास्त्राचा सहावा अध्याय शिकवताना त्याला 'नोली'तले मेजवानीचे प्रकरण जोडावे, पटोळ्यांच्या पुस्तकातला निवडक भाग जोडावा, आणि अंतर्गत मूल्यमापनासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या एका पदार्थावर, तो कोण करते, कोणाला आधी वाढतात आणि कोणाला उरलेले, हे सांगणारा पाच पानांचा निबंध लिहावा. वीस गुण. सूचना ज्या मंडळापुढे गेली त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. ती परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने एकच शेरा होता, 'साहित्येतर', आणि त्याखाली कोणाची सही नव्हती. निबंध आम्ही तरीही लिहून घेतो आहोत, गुणांवाचून. आतापर्यंत एकतीस आले आहेत. त्यांतल्या नऊ मुलींनी 'कोणाला उरलेले' या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात दिले आहे.